चौथे बटण

नांदेडच्या देगलूर नाक्यावर मगरिबची नमाज आटोपली की चहाच्या हॉटेलांतली बाके भरतात. २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस तिथे गोदावरीचा पूरही जुना विषय झाला होता. एका टेबलावर एका पोराने मोबाइल आडवा धरला होता आणि भोवती सहा-सात डोकी वाकली होती. पडद्यावर महापालिकेच्या प्रारूप प्रभागरचनेचा नकाशा. दोन बोटांनी तो मोठा करायचा, आपली गल्ली शोधायची आणि मग हद्दीचे वर्णन मोठ्याने वाचायचे : अमुक दुकानापासून रस्त्याने पूर्वेकडे नाल्यापर्यंत, नाल्याने दक्षिणेकडे अमुक भिंतीपर्यंत. नाला आला की वाद सुरू. रेघ अलीकडून गेली की पलीकडून? अलीकडून असेल तर पुढच्या दोन गल्ल्या शेजारच्या प्रभागात गेल्या, आणि इथला ‘आपला’ माणूस पडलाच म्हणून समजा.

संपादकांनी या अंकासाठी ‘प्रतिनिधी’ हा विषय दिला, तेव्हा हाताशी आकडे होते. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार. त्याच वर्षीच्या लोकसभेत राज्याच्या ४८ जागांमध्ये एकही मुस्लिम खासदार नाही. मराठवाड्याच्या ४६ आमदारांत मुस्लिम एकच, सिल्लोडचे अब्दुल सत्तार. नांदेड जिल्ह्याचे नऊ आणि लातूरचे सहा मतदारसंघ धरले तर शून्य. राज्यात मुस्लिमांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार साडेअकरा टक्के. या दोन जिल्ह्यांत ते चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात जाते आणि शहरांत त्याहून बरेच वर.

हे आकडे दर निवडणुकीनंतर छापून येतात आणि विसरलेही जातात. मला पाहायचे होते ते आकड्याच्या आधीचे : प्रतिनिधी होता होता माणूस नेमका कुठे अडतो. मतदानाचा दिवस हा या प्रवासाचा शेवटचा टप्पा. बरेचसे त्याआधीच ठरून गेलेले असते. कधी नकाशावर, कधी आरक्षण सोडतीच्या भांड्यात, कधी पक्षाचे एबी फॉर्म वाटण्याच्या रात्री.

रेघ कोण ओढतो

प्रभाग करताना लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची घेतात. त्या जनगणनेचे प्रगणक गट म्हणजे घरांचे लहान लहान ठोकळे. ते एकमेकांना जोडून प्रभाग तयार होतो. गट शक्यतो फोडायचा नाही. नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता यांची हद्द पाळायची, असा नियम. नियमात वावगे काही नाही. पण २०२५ पर्यंतच्या चौदा वर्षांत देगलूर नाक्याच्या पलीकडे वस्ती कुठल्या कुठे सरकली. खेड्यातून आलेली, भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या पत्र्याच्या घरात गेलेली कुटुंबे त्या जुन्या आकड्यांत नाहीत.

इतवारा, चौफाळा, पीरबुऱ्हाणनगर, देगलूर नाका ही नांदेडमधली मुस्लिम वस्तीची ठिकाणे. यांतले काही भाग सलग आहेत, काहींच्या मध्ये बौद्ध वस्ती, काहींना लागून लिंगायत-मराठा-मारवाडी व्यापाऱ्यांची घरे. रेघ थोडी इकडे-तिकडे झाली की एका प्रभागात मुस्लिम मते दाटतात आणि शेजारच्या तीन प्रभागांत ती निर्णायक राहत नाहीत. दाटली तर दोन-तीन नगरसेवक नक्की येतात; विखुरली तर एकही येत नाही, पण प्रत्येक पक्षाला दारात यावे लागते. यातले बरे कोणते, यावर त्या टेबलावर एकमत नव्हते. म्हाताऱ्यांना दाटी हवी होती, तरुणांना विखुरणे चालणार होते. हरकती-सूचनांची मुदत असते, अर्ज जातात, सुनावणी होते. रेघ मात्र फारशी हलत नाही, असा सगळ्यांचा अनुभव.

अकरा, मग शून्य

मुस्लिम मतदार एकगठ्ठा आणि भावनेच्या भरात मत देतो, असे सर्रास बोलले जाते. त्याला नांदेडचा अनुभव पुरेसे उत्तर आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेची निवडणूक झाली. ८१ जागा. काँग्रेसला ४१, म्हणजे काठावरचे बहुमत. आणि हैदराबादच्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनला, म्हणजे एमआयएमला, ११. महाराष्ट्रात या पक्षाने पाय रोवला तो इथे. देशभर चर्चा झाली. नांदेड जुन्या हैदराबाद राज्यातले, नातीगोती, व्यापार, दवाखाना सगळे हैदराबादशी जोडलेले. त्यामुळे पक्षाला रस्ता आयताच होता. पण रस्ता असणे वेगळे आणि लोकांनी त्यावरून चालणे वेगळे. २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी शहरात मोठा निधी आला, रस्ते रुंद झाले, गुरुद्वारा परिसर उजळला. आपल्या नाल्यापाशी येऊन ते काम थांबले, ही जुन्या मोहल्ल्यांची तक्रार होती. पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेसला मत देणाऱ्या घरांनी पक्षाला दिलेली ती चपराक होती.

दोन वर्षांनी, २०१४ च्या विधानसभेत, नांदेड दक्षिणमध्ये एमआयएमच्या सय्यद मोईन यांनी चौतीस हजारांवर मते घेतली आणि काँग्रेसच्या विद्यमान आमदाराला चौथ्या क्रमांकावर ढकलले. निवडून आले शिवसेनेचे हेमंत पाटील.

मग ऑक्टोबर २०१७. तेच शहर, तेच मतदार. काँग्रेस ७३, भाजप ६, एमआयएम शून्य. अकराच्या अकरा गेल्या. मधल्या काळात केंद्रात आणि राज्यात सत्ता पालटली होती. नांदेडचा किल्ला पाडायचाच, या इराद्याने भाजप उतरला होता, आणि प्रश्न ‘आपला पक्ष की परका पक्ष’ असा न राहता ‘महापालिका कोणाच्या हाती’ असा झाला. काँग्रेसनेही २०१२ चा धडा घेऊन त्या भागातली तिकिटे जपून वाटली. मतदाराने हिशेब केला आणि बाजू बदलली. पाच वर्षांत दोन टोके गाठणाऱ्या मतदाराला गठ्ठा कसे म्हणायचे? दबाव आणण्यासाठी एकदा आणि धोका टाळण्यासाठी एकदा, असे त्याने दोनदा मोजूनमापून मत दिले.

त्यानंतर हिशेब आणखी अवघड झाला. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र होते. नांदेडमध्ये वंचितच्या उमेदवाराने एक लाख सहासष्ट हजारांवर मते घेतली आणि काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी पडले. भाजपची ‘बी टीम’, ‘मते खाणारे’ हे शब्द तेव्हापासून मोहल्ल्यात कायमचे मुक्कामाला आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण स्वतःच भाजपमध्ये गेले. ज्यांना पाडल्याचा ठपका वर्षानुवर्षे डोक्यावर घेतला, तेच पलीकडे जाऊन बसल्यावर देगलूर नाक्यावर हसावे की रडावे कळेना, अशी अवस्था झाली.

अ, ब, क, ड

आता मतदान यंत्राकडे येऊ, कारण सगळ्याची परीक्षा तिथे होते.

२०१२ मध्ये दोन सदस्यांचे लहान प्रभाग होते. २०१७ मध्ये चार सदस्यांचे मोठे प्रभाग आले आणि त्यानंतरच्या निवडणुकीतही तीच पद्धत राहिली. एका प्रभागात चार जागा : अ, ब, क, ड. मतदाराने चारही जागांसाठी एकेक बटण दाबायचे. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा : पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. चारही मते पडली की मग यंत्र आवाज करते. आरक्षित जागा आधी लावतात, खुली शेवटी, त्यामुळे ‘ड’ बहुधा सर्वसाधारण जागा असते आणि तिथेच सगळ्या पक्षांच्या वजनदार माणसांचा डोळा असतो.

मोठा प्रभाग म्हणजे मोठा खर्च. एकट्या माणसाने मोहल्ल्यातल्या ओळखीवर निवडून येण्याचे दिवस संपले. आता चौघांचे पॅनेल लागते. पॅनेल जुळवणे ही स्वतंत्र कला आहे. मिश्र प्रभाग असेल तर एक मराठा, एक बौद्ध, एक ओबीसी महिला, एक मुस्लिम, असा मेळ बसवतात. स्लिपवर चौघांची नावे आणि एकच चिन्ह. सभेत चौघे हात उंचावून उभे. आणि प्रचाराचे एकच वाक्य : चारही बटणे आपलीच.

मतमोजणी झाली की केंद्रनिहाय आकडे हाती येतात. मुरलेला कार्यकर्ता सर्वांत आधी हाच कागद काढतो. निकाल त्याला ठाऊक असतोच, त्याला पाहायचे असते ते वेगळे : आपल्या पॅनेलच्या चौघांना एकाच केंद्रावर किती किती मते पडली. मुस्लिम वस्तीतल्या केंद्रावर चौघांचे आकडे जवळजवळ सारखे असतात, असे हे कार्यकर्ते सांगतात. मराठा उमेदवार असो, बौद्ध असो, बटण दाबले जाते. दुसऱ्या वस्तीतल्या केंद्रांवर मात्र अनेकदा तिघे एका पातळीवर आणि मुस्लिम उमेदवार खाली. तिथल्या मतदाराने तीन बटणे पॅनेलची दाबली आणि चौथे दुसरीकडे.

हे सगळीकडेच घडते असे नाही. ज्याने वीस वर्षे नळाची तोटी आणि गटाराचे झाकण यासाठी धावाधाव केली, त्या मुस्लिम नगरसेवकाला सगळ्या गल्ल्यांतून मते पडलेली नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांना माहीत आहेत. पण पक्ष तिकीट वाटताना हा अपवाद धरत नाहीत, ते चौथ्या बटणाची भीती धरतात. ‘तुमची मते मिळतील हो, पण बाकीची नाही मिळणार’ हे वाक्य तिकीट मागायला गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. मग समजूत घालायला पुढची यादी येते : स्वीकृत नगरसेवक करू, अल्पसंख्याक विभागाचे अध्यक्षपद घ्या, महामंडळावर पाहू.

गोलाईचे गणित

लातूरला आलो की सूर बदलतो. हे नांदेडपेक्षा लहान, सावध शहर आहे. मधोमध गंजगोलाई : १९१७ मधली दुमजली गोल इमारत, मध्ये अंबाबाईचे मंदिर, आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. ही आखणी निजामाच्या काळातले नगररचनाकार फय्याजुद्दीन यांची. आज या सोळा रस्त्यांवर कापड, भांडी, मसाला, चप्पल, अत्तर यांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत, आणि व्यापारात कोणाचे कोणावाचून चालत नाही.

लातूरला एक ओझेही आहे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी इथेच वकिली करायचा. १९४८ पूर्वी रझाकारांनी गावोगाव जो उच्छाद मांडला, त्याच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर गावोगावच्या सामान्य मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, त्याच्याही आहेत, पण त्या घराबाहेर बोलल्या जात नाहीत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली. अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. मजलिसचा इतिहास रझवीशी जोडलेला असल्यामुळे लातुरात तिचे पतंग चिन्ह उभे राहिले की विरोधकांना ‘रझाकार’ हा शब्द शोधावा लागत नाही. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिदिनी तो भाषणांत येतो, निवडणुकीत पोस्टरवर. स्वामी रामानंद तीर्थांच्या निजामविरोधी चळवळीत मुस्लिम कार्यकर्तेही होते, हे मात्र भाषणांत क्वचितच येते.

म्हणून इथल्या मुस्लिम समाजाने दुसरा रस्ता धरला : मोठ्या घराच्या सावलीत राहायचे. काँग्रेसचे मुख्यमंत्री राहिलेल्या विलासराव देशमुखांच्या काळात ‘साहेबांकडे’ थेट शिरकाव असलेली मुस्लिम मंडळी प्रत्येक गल्लीत होती, आता ती ‘भैयां’कडे, म्हणजे त्यांचे पुत्र आमदार अमित देशमुखांकडे, जातात. याचा फायदा झाला नाही असे नाही. महापालिका २०११ मध्ये झाली. २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत ७० पैकी ४९ जागा काँग्रेसला मिळाल्या, मुस्लिम नगरसेवक चांगल्या संख्येने आले आणि त्याच कार्यकाळात अख्तर शेख महापौर झाले. २०१७ मध्ये शून्यावरून ३६ वर गेलेल्या भाजपने सत्ता घेतली, काँग्रेस ३३ वर राहिली. त्या तेहतीसमध्ये मुस्लिम वस्त्यांचा वाटा मोठा होता, हे काँग्रेसचे लोकही मान्य करतात.

सावलीला मर्यादा असते. आमदारकीचा प्रश्न लातूर शहरात विचारलाच जात नाही, कारण ती जागा देशमुखांच्या घरची आहे. २०१९ मध्ये वंचितने राजासाब मणियार यांना उभे केले, त्यांना साडेचोवीस हजारांवर मते पडली. तरी अमित देशमुख चाळीस हजारांच्या फरकाने आले. २०२४ मध्ये तो फरक सात हजार ३९८ वर आला. म्हणजे आता मोहल्ल्यातल्या प्रत्येक मताला भाव आहे. भाव मतांना आला आहे, उमेदवारीला अजून नाही.

लातूरच्या दक्षिणेला औसा. तिथे २०१६ मध्ये थेट निवडणुकीत राष्ट्रवादीचे अफसर शेख नगराध्यक्ष झाले. गाव लहान, माणूस ओळखीचा, मुस्लिम वस्ती भरीव, आणि दुसऱ्या समाजांशी रोजचा व्यवहार. अशा ठिकाणी चौथ्या बटणाची भीती निघून जाते. मतदारसंघ जसजसा मोठा होतो तसतशी ओळख पातळ होते आणि नाव जाड होते.

राखीव दारे, बंद दारे

आरक्षणाने मुस्लिमांना एक दार उघडून दिले आणि एक बंद केले.

उघडलेले दार ओबीसींचे. बागवान, अत्तार, मणियार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम जातींचा राज्याच्या ओबीसी यादीत समावेश आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत ओबीसींना २७ टक्के जागा मिळू लागल्यावर या समाजांतून नगरसेवक आले. शेख-सय्यद-पठाण या नावांपलीकडचा मुस्लिम समाज पहिल्यांदा सभागृहात दिसला. पण त्यासाठी जात प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी लागते. ज्यांच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिले आहे, त्यांची फाइल पडताळणी समितीपुढे रखडते. निवडून आल्यावर प्रमाणपत्रावरून पद जाण्याची टांगती तलवार राहते ती वेगळीच.

महिलांच्या निम्म्या जागांनी आणखी एक बदल केला. आता मुस्लिम नगरसेवकांत महिला मोठ्या संख्येने आहेत. फलकावर नवऱ्याचा किंवा दिराचा फोटो तिच्यापेक्षा मोठा असतो, यात मुस्लिम समाज इतरांपेक्षा वेगळा नाही. पण पाणी येत नाही म्हणून टँकर अडवायला बाया जातात तेव्हा हाक तिलाच मारतात. लातूरसारख्या शहरात, जिथे २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि नळ आजही कित्येक दिवसांनी येतो, तिथे हे काम लहान नाही.

बंद झालेले दार अनुसूचित जातींच्या राखीव मतदारसंघांचे. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे शीख आणि बौद्धांना आहे, मुस्लिमांना नाही. लातूर लोकसभा २००९ पासून राखीव. उदगीर विधानसभा राखीव. नांदेडमध्ये देगलूर राखीव. उदगीर शहरात मुस्लिमांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी. पण त्या जागेवर मुस्लिम उमेदवार उभाच राहू शकत नाही. दलितांच्या हक्काच्या जागेबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न निवडीचा आहे. दलितांचे प्रमाण जिथे जास्त ती जागा मोकळी आणि मुस्लिमांचे प्रमाण जिथे जास्त ती राखीव, असे देशात अनेक ठिकाणी झाले आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते. पुढच्या मतदारसंघ पुनर्रचनेत तरी ते पाहिले जावे, एवढीच मागणी आहे.

तीन हजार पाचशे दोन

नोव्हेंबर २०२४. नांदेड उत्तरमध्ये काँग्रेसने माजी महापौर अब्दुल सत्तार यांना उमेदवारी दिली. सिल्लोडच्या आमदारांचे नाव तेच, माणूस वेगळा. महाविकास आघाडीचा हा अधिकृत उमेदवार. समोर शिवसेनेच्या शिंदे गटाचे बालाजी कल्याणकर. आणि त्याच आघाडीतल्या उद्धव ठाकरे गटाच्या संगीता पाटील डक याही रिंगणात. या प्रकाराला आपल्याकडे ‘मैत्रीपूर्ण लढत’ असे गोड नाव आहे.

निकाल : कल्याणकर ३,५०२ मतांनी विजयी. ठाकरे गटाच्या उमेदवाराची मते बावीस हजारांवर.

कागदावर बेरीज करून सत्तार निवडून आले असते असे म्हणणे सोपे आहे. पण ती बावीस हजार मते दुसरा उमेदवार नसता तर सगळी पंजाला पडली असती का? चौथ्या बटणाचा प्रश्न इथेही तोच. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा : मुस्लिम उमेदवार असलेल्या जागेवर मैत्री इतकी सैल का झाली? शेजारच्या नांदेड दक्षिणमध्ये काँग्रेसचे मोहन हंबर्डे दोन हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि तिथे वंचितच्या फारूक अहमद यांनी तिसऱ्या क्रमांकाची मते घेतली. दक्षिणेत मुस्लिम उमेदवाराला ‘मते खाणारा’ म्हटले गेले. उत्तरेत आघाडीतल्या दुसऱ्या उमेदवाराने मते घेतली, तर त्याला मैत्री म्हटले गेले. नाव बदलले की तराजूही बदलतो, ही तक्रार मोहल्ल्यात ऐकू येते आणि ती खोडून काढता येत नाही.

त्याच दिवशी नांदेड लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण निवर्तल्याने ती लागली होती. त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. म्हणजे लोकसभा काँग्रेसची आणि जिल्ह्यातल्या नऊही विधानसभा महायुतीच्या. इतक्या थोडक्या फरकाच्या विजयात मुस्लिम मतांचा हात नव्हता असे कोणी म्हणणार नाही. ही मते दुसऱ्याला निवडून आणण्यासाठी चालतात, तेव्हा ती ‘धर्मनिरपेक्ष मते’ असतात. तीच स्वतःच्या माणसाला पडली की ‘ध्रुवीकरण’ होते, आणि ‘व्होट जिहाद’चा गजर करायला दुसरी बाजू तयारच असते.

बाजार ओस पडतो तेव्हा

आमदार नसला तर बिघडते काय, असाही एक प्रश्न येतो. काम तर कोणीही करतो.

२०२५ च्या पावसाळ्यात राज्यभरच्या, मांसाच्या व्यापारातल्या मुस्लिम कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी बंद ठेवली. कागदपत्रे पुरी असूनही वाटेत गाड्या अडवल्या जातात, मारहाण होते, जनावरे जप्त होतात, ही त्यांची तक्रार. उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बाजार देवणी आणि लाल कंधारी जनावरांसाठी नावाजलेला. अशा बाजारात कुरेशी व्यापारी उतरला नाही की पहिला फटका शेतकऱ्याला बसतो. भाकड म्हैस दावणीला उभी, तिला चारा चालूच, आणि ती विकून दुभती आणायची तर गिऱ्हाईक नाही. बैलजोडी घेऊन पहाटे आलेला माणूस दुपारी तीच जोडी परत हाकत नेतो. मधला दलाल रुमालाखाली बोटांनी भाव सांगायचा, त्याचा रुमाल खांद्यावरच.

हा प्रश्न मराठा, लिंगायत, धनगर शेतकऱ्याचा होता तेवढाच कुरेशांचा. पण तो मांडायला दोन्ही जिल्ह्यांतल्या पंधरा आमदारांत त्या समाजातला कोणी नव्हता. शिष्टमंडळे मुंबईला उपमुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. उघडपणे बोलले ते सदाभाऊ खोत यांच्यासारखे शेतकरी नेते, तेही सत्ताधाऱ्यांच्या गोटातले. शेतकऱ्याचे नुकसान होते हे पुढे आल्यावरच सरकार हलू लागले. यातून एक चांगली गोष्ट दिसते : हित जुळले की दुसऱ्या समाजाचा माणूसही बाजू मांडतो. आणि एक वाईटही : हित जुळेपर्यंत थांबावे लागते.

सही कोणाची घ्यायची

२०२५ मध्ये तर नगरसेवकही नव्हते. दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक कारभार पाहत होते. निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या घेण्याचा आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत ठरली.

तीन वर्षे नगरसेवक नसणे म्हणजे काय, ते लातूरच्या खोरी गल्लीत किंवा नांदेडच्या इतवाऱ्यात दिसत होते. तुंबलेल्या गटाराचा फोटो काढून कोणाला पाठवायचा? झोन कार्यालयातला साहेब दर काही महिन्यांनी बदलायचा. त्याच वर्षी उशिरा जन्मनोंदणीचे नियम कडक झाले, पूर्वी तहसीलमधून दिलेले दाखले फेरतपासणीत अडकले. मुलाच्या शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळ्याला तो कागद लागतो. ज्याच्या ओळखीचा वकील होता त्याचे काम झाले. बाकीचे माजी नगरसेवकाच्या दारात बसायचे. तो बिचारा ‘माजी’ असूनही फोन लावायचा, कारण निवडणुकीत त्याला पुन्हा त्याच दारांत यायचे होते. सामान्य माणसाला प्रतिनिधी हवा असतो तो असा : ज्याचा फोन समोरच्या अधिकाऱ्याला उचलावा लागतो.

म्हणूनच मुस्लिम आमदार किती, एवढ्यावर हा विषय थांबत नाही. नांदेडने स्वतंत्र पक्षाचा रस्ता करून पाहिला, लातूरने मोठ्या घराच्या सावलीचा. पहिल्याने दरारा मिळवला आणि पाच वर्षांत गमावला. दुसऱ्याने पदे मिळवली, पण दुसऱ्याच्या मर्जीवर. दोन्हींतून एकही आमदार आला नाही. दोष मतदाराच्या हिशेबात नाही, त्याने प्रत्येक वेळी हिशेब चोख केला. दोष पक्षांच्या वाटपात आहे. त्यांना मुस्लिम मते सर्वत्र हवीत, मुस्लिम उमेदवार मात्र मुस्लिम वस्तीतच हवा.

प्रत्येक निवडणुकीआधी तिकिटे वाटली जातात. मुस्लिमांची मते मागणाऱ्या पक्षांनी दोन गोष्टी करून दाखवाव्यात. मुस्लिम उमेदवाराला मुस्लिम वस्तीबाहेरच्या प्रभागातही, आणि ‘ड’ जागेवरही, तिकीट द्यावे. आणि त्याच्या जागेवर मैत्रीपूर्ण लढत लावू नये. आणि मतदाराने, कोणत्याही गल्लीतला असो, मतदानाला जाताना चौघांचीही कामे विचारावीत, नाव वाचून चौथा वगळू नये. तीन बटणे कामासाठी आणि चौथे नावासाठी दाबले, तर पाच वर्षे गटार तुंबेल ते सगळ्या प्रभागाचे.